कातळाचा स्वभाव आणि बुलढाण्याचे पाणी

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. पूर्व विदर्भातील पाणी सुमारे सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत आणण्याची ही योजना आहे. परंतु ते पाणी प्रत्यक्ष येईपर्यंत, आणि लाभक्षेत्राबाहेरील गावांना त्यानंतरही, भिस्त ठेवावी लागणार आहे ती पायाखालच्या कातळावरच. या कातळाविषयी आपल्याला नेमके किती ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र जलसंधारणाच्या चर्चेत क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक थिजत गेले आणि हे पठार घडले. नकाशावर हा सारा प्रदेश एकाच रंगाने दाखवला जातो, त्यामुळे खडक सर्वत्र सारखाच असावा असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रत्येक प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. हाच विहीर खोदणाऱ्यांचा मांजऱ्या खडक. त्याखाली घट्ट काळा पाषाण असतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी लाल मातीचा पातळ थर सापडतो. मांजऱ्या खडकातील पोकळ्या कित्येकदा पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात, तर घट्ट पाषाणालाही कुठे कुठे भेगा असतात. पाणी साठते आणि वाहते ते या भेगांतून, झिजलेल्या थरांतून आणि दोन प्रवाहांच्या सांध्यांतून.

ही रचना पाहायला दूर जाण्याची गरज नाही. लोणारच्या विवराच्या भिंतीत असे अनेक प्रवाह एकावर एक रचलेले दिसतात आणि त्यांची जाडी साधारण ५ ते ३० मीटर आहे. म्हणजेच शंभर मीटर खोलीच्या एका विंधन विहिरीच्या वाटेवर खडकाचा स्वभाव अनेकदा पालटतो. शेजारच्या शेतात पाणी लागले म्हणून आपल्याकडेही लागेल, हा भरवसा त्यामुळेच वारंवार खोटा ठरतो.

या भेदाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. देशातील भूजल मूल्यांकनासाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार झिजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमधून त्याच्या घनफळाच्या साधारण २ टक्के पाणी मिळू शकते. घट्ट, भेगा नसलेल्या खडकासाठी हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे. एक हेक्टर क्षेत्राखालील दहा मीटर जाडीचा थर घेतला, तर पहिल्या खडकातून सुमारे २० लाख लिटर, तर दुसऱ्यातून जेमतेम ३ लाख लिटर पाणी मिळेल. दोन्ही ठिकाणी पाऊस सारखाच पडतो आणि सात-बारावर क्षेत्रही सारखेच लागते. फरक केवळ कातळाच्या पोताचा आहे.

पाणी असो वा खनिज तेल, घट्ट खडकाच्या बाबतीत प्रश्न एकच असतो. द्रव पुढे सरकण्याची खडकाची क्षमता तेल उद्योगात 'डार्सी' या एककाने मोजतात. हे नाव आले ते आँरी डार्सी या फ्रेंच अभियंत्यावरून. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना त्याने वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रयोग केले आणि १८५६ मध्ये आपला नियम मांडला. ज्ञान पाण्याच्या शोधातून जन्माला आले. त्याचा काटेकोर वापर मात्र तेलवाल्यांनी केला.

१९७४ मध्ये तेल गवसलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील चुनखडकांच्या थरांमध्ये शेलचे पातळ पट्टे आहेत. तेल बाहेर ढकलण्यासाठी सोडलेले पाणी सैल थराची वाट धरते आणि घट्ट थरातील तेल मागेच राहते. म्हणून तेथे मीटर-दीड मीटरच्या थराचीही दखल घ्यावी लागते. गुजरातेत बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात तर तेल मिळते ते याच दख्खनच्या बेसाल्टमधील भेगांतून. तेलविहीर खोदताना खडकाचा चुरा तपासला जातो, निवडक खोलीवरून अखंड गाभा काढला जातो आणि विहिरीत उपकरणे सोडून थराथराची नोंद घेतली जाते. विहीर कोरडी निघाली तरी तिची माहिती पुढील विहिरीच्या उपयोगी पडते.

बुलढाणा जिल्ह्याला या पद्धतीचे महत्त्व नवे नाही. लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. सरोवराच्या तळाखालून काढलेल्या गाभ्यांच्या अभ्यासातून १९७३ मध्ये आघाताचे ठोस पुरावे पुढे आले. खोलवरचा हातभर खडक नीट पाहिल्याने अनेक वर्षांच्या तर्कांना उत्तर मिळाले. त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या विंधन विहिरींतून निघणारा चुरा मात्र बांधावर पडून राहतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो.

यात पणाला लागते ते शेतकऱ्याचे भांडवल. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता, हे विसरून चालणार नाही. पाणाड्याच्या भरवशावर घेतलेली बोअर कोरडी गेली की कर्जाचा बोजा वाढतो. मग अधिक खोल जाण्याचा मोह होतो, आणि खोल गेल्याने घट्ट पाषाणच लागत राहण्याची शक्यता असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली. केंद्राच्या अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्हे निवडले गेले, त्यांत बुलढाणा होता. महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून घेऊन त्यांचे खोलीकरण करणारा 'बुलढाणा पॅटर्न' देशभर गाजला. मात्र खोलीकरणाचे फळही कातळावरच अवलंबून असते. नाल्याचा तळ मांजऱ्या खडकापर्यंत गेला तर पाणी मुरते. तो घट्ट पाषाणावर टेकला तर पाणी साठते, पण शेजारच्या विहिरींना त्याचा लाभ फारसा होत नाही. उत्तरेकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बेसाल्ट खोल गाळाखाली दडलेला आहे. तेथे चिकणमाती आणि वाळूचे थर, शिवाय खारे पाणी, यांमुळे गणित पुन्हा बदलते. एकच आराखडा चिखली-मेहकरला आणि नांदुरा-शेगावला लावणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

खरी उणीव आहे ती मोजमापाच्या सूक्ष्मतेची. राज्यातील ३,९२० निरीक्षण विहिरींवर भूजलाचा अंदाज दीर्घकाळ बांधला गेला. सरासरीने एका विहिरीच्या वाट्याला सुमारे ७८ चौरस किलोमीटर क्षेत्र येते. पुढे गावपातळीवरही पाणीपातळी मोजली जाऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. परंतु पातळी पाण्याची स्थिती सांगते, खडकाचे अंतरंग सांगत नाही.

तेल उद्योगाइतका खर्च शेतीच्या पाण्यासाठी कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पहिले पाऊल खर्चिक नाही. बोअर घेताना ठरावीक खोलीगणिक चुऱ्याचा रंग आणि पोत, पाणी लागल्याची खोली व त्याचे प्रमाण इतके जरी नोंदवले तरी गावाखालच्या थरांचे चित्र उभे राहू शकते. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विंधन यंत्रांच्या मालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. त्या नोंदणीला प्रत्येक विहिरीची थरनिहाय नोंद जोडणे आणि ती ग्रामपंचायतीत खुली ठेवणे, एवढे तरी शासनाने करावे. त्यात कोरड्या विहिरींची नोंद अधिक मोलाची ठरेल, कारण पुढचा खड्डा कोठे घेऊ नये हे तीच सांगेल. आज ही किंमत एकटा शेतकरी मोजतो आणि त्यातून मिळालेले ज्ञान शेजाऱ्यापर्यंतही पोहोचत नाही.