समलिंगी नागरिक आणि समाजवादी चळवळ

१९८६ साली अशोक राव कवी या मुंबईच्या पत्रकाराने 'सॅव्ही' या इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्या वेळी भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाखाली अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था सुरू झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या निकालामागे अशा अनेकांच्या तीन दशकांच्या चिकाटीचे बळ होते.

असे कोणी उघडपणे बोलले की काही लोक कुचेष्टा करतात, तर काही टाळ्या वाजवतात. परंतु प्रसिद्ध व्यक्तीचे धैर्य वाखाणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. राज्यसंस्थेची वृत्ती तर याहून बोलकी आहे. ज्येष्ठ वकील सौरभ किरपाल यांची दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये शिफारस झाली. केंद्र सरकारच्या आक्षेपांत त्यांच्या लैंगिक कलाचाही उल्लेख होता. ते आक्षेप अमान्य करून न्यायवृंदाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारशीचा पुनरुच्चार केला. ज्याच्यापाशी विद्या, नाव आणि प्रतिष्ठा आहे त्याची ही कथा. मग विरारच्या कामगाराची काय?

मुंबईत घर परवडत नाही म्हणून लाखो श्रमिक कुटुंबे विरार-नालासोपाऱ्यात आली. येथे एका खोलीत तीन पिढ्या राहतात. पहाटेची लोकल पकडून कामावर जाणारा तरुण समलिंगी असेल, तर त्याने आपले मन कोणापाशी उघड करावे? घरातून बाहेर पडावे तर भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम कोठून आणावी? कंत्राटी नोकरीत मुकादमाची मर्जी फिरली की काम गेले. लग्नाचा आग्रह मोडवत नाही म्हणून तो बोहल्यावर चढतो आणि एका निरपराध मुलीचेही आयुष्य कोमेजते. त्याचे मौन हा भ्याडपणा नव्हे. तो त्याच्या आर्थिक परावलंबनाचा परिणाम आहे.

म्हणूनच 'हा उच्चभ्रूंचा प्रश्न आहे, आधी भाकरीचे पाहू' हा चळवळीत ऐकू येणारा युक्तिवाद टिकत नाही. भाकरी आणि प्रतिष्ठा यांची अशी फारकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कधी मानली नाही. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकप्रिय नसलेल्या सत्याच्या बाजूने उभे राहण्याचा वारसा महाराष्ट्राला मिळाला.

तो वारसा केवळ ठरावांतून चालवता येणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. मात्र २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले की, शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. हे परिपत्रक हातात घेऊन शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीशी अर्जदाराबरोबर कोण उभे राहणार? जोडीदारासह राहणाऱ्या भाडेकरूला खोली खाली करायला सांगितली गेली, तर घरमालकाशी कोण बोलणार? कामगाराच्या बाजूने हीच कामे कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. आणि आरंभ तर याहून जवळ आहे: शाखेच्या बैठकीत कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून विनोद झाला, तर तो तेथेच थांबवावा.

प्रसिद्ध माणसांच्या धैर्याने दार उघडले आहे. विरारच्या त्या तरुणाला त्या दारातून येण्यासाठी वीरपुरुष व्हावे लागू नये, एवढी परिस्थिती निर्माण करणे हे चळवळीचे काम आहे.