पदवी वाढवल्याने गावाला माणूस मिळत नाही

गेल्या महिन्यात माझ्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक काकू जाडजूड फाइल घेऊन आल्या. वय अडुसष्ट, बीपी आणि थोडी शुगर. सहा महिने मुलीकडे अमेरिकेत राहून परतल्या होत्या. जावई टेनेसी राज्यात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, घर डोंगराळ भागातल्या एका लहान गावात. तिकडे पोहोचल्यावर आठवड्याभरात काकूंची डावी पोटरी सुजली आणि दुखायला लागली. मोठं रुग्णालय तासाभराच्या अंतरावर, म्हणून मुलीने त्यांना गावातल्याच क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या बाईंनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, दम लागतो का विचारलं, विमानात किती तास बसून होता ते विचारलं आणि त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीला पाठवलं. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि काकू बऱ्या झाल्या.

उपचार बरोबर झाले होते, त्यात मला काही सांगण्यासारखं नव्हतं. काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "डॉक्टर, त्या बाई स्वतः म्हणाल्या, मी पीए आहे. पण दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉक्टर' होतं. मग ती बाई डॉक्टर होती की नव्हती?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मला अर्धा तास लागला. बाहेर पेशंट खोळंबले. म्हणून आता सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत, आणि हे वारं इकडेही येणार आहे.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. 1965 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत नौदलातून परतलेले चार वैद्यकीय सेवक होते. युद्धनौकेवर जखमा शिवलेले, सलाइन लावलेले, पण घरी आल्यावर ज्यांच्या कौशल्याला नागरी आयुष्यात काही नाव नव्हतं असे हे लोक. स्टेड यांचा विचार सरळ होता. डॉक्टर घडवायला दहा-बारा वर्षं जातात आणि खेड्यात तो मिळत नाही. मग ज्याचा हात आधीच तयार आहे त्याला दोन वर्षं नीट शिकवा आणि डॉक्टरच्या जोडीला उभा करा. चार वर्षांनी वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी 'मेडेक्स' नावाने असाच अभ्यासक्रम काढला आणि विद्यार्थ्यांना थेट ग्रामीण भागातल्या एकट्या पडलेल्या डॉक्टरांकडे शिकायला पाठवलं.

आज पीए होण्यासाठी पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा मास्टर्स करावा लागतो. त्यात प्रत्यक्ष रुग्णांजवळचं शिक्षण सुमारे दोन हजार तासांचं असतं. मग राष्ट्रीय परीक्षा, दर दोन वर्षांनी शंभर तासांचं पुढचं शिक्षण. ते रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहितात. कोणी तुम्हाला सांगितलं की हा 'कंपाउंडर' आहे, तर ऐकू नका. काकूंची गुठळी वेळेत सापडली ती या शिक्षणामुळे, आणि बाई अकरा वर्षं त्याच गावात रुग्ण बघत होत्या म्हणून. दारावरचं 'डॉक्टर' नंतरचं. मुलीने फोनवर सांगितलं, की त्यांनी नोकरी सांभाळून, घरी बसून, ऑनलाइन डॉक्टरेट केली. म्हणजे पोटरी मोजायला त्या आधीच शिकल्या होत्या.

या डॉक्टरेटचं नाव डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स, थोडक्यात डीएमएस्सी. तिची ग्रामीण कहाणीही टेनेसीतच सुरू होते. हॅरोगेट गावातल्या लिंकन मेमोरियल विद्यापीठाने 2016 मध्ये काम करणाऱ्या पीएंसाठी असा अभ्यासक्रम काढला. उद्देश सांगितला तो अपलाचियन डोंगराळ भागातल्या डॉक्टरांच्या टंचाईचा. टंचाई खोटी नाही. 2010 नंतर त्या राज्यात डझनाहून जास्त ग्रामीण रुग्णालयं बंद पडली. आणि त्या अभ्यासक्रमात वैद्यकशास्त्राचा खराखुरा अभ्यास होता, हेही मान्य करतो. पुढच्याच वर्षी, ही पदवी घेतलेल्यांना प्राथमिक उपचारांचा वेगळा परवाना द्यावा असं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. कायदा झाला नाही. पदवी मात्र राहिली, आणि मग इतर विद्यापीठांनीही आपापली काढली.

आता या पदव्यांमध्ये बहुतेक ठिकाणी काय शिकवतात ते बघा. नेतृत्व, रुग्णालयाचं व्यवस्थापन, अध्यापन, संशोधनाच्या पद्धती, आपत्ती व्यवस्थापन, शेवटी एक प्रकल्प. वर्ष-दोन वर्षं, मुख्यतः ऑनलाइन. यातला एकही विषय वाईट नाही. ज्याला पीएंच्या कॉलेजात शिकवायचं आहे, त्याने जरूर करावा. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई, साप चावलेला शेतकरी, अफूच्या गोळ्यांच्या व्यसनात अडकलेला खाण कामगार, यांच्यापुढे नेतृत्वाचा पेपर उपयोगी पडत नाही. तिथे बाळंतपणं केलेला हात लागतो. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून आत रक्तस्राव आहे की नाही हे ओळखणारा डोळा लागतो. व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन कधी सुरू करायचं, किती द्यायचं, हे शिकलेला माणूस लागतो. हे घरी लॅपटॉपसमोर शिकता येत नाही. कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं.

"शिक्षण वाढलं तर बिघडलं काय?" असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते हिशोबात. मास्टर्स संपवणाऱ्या पीएच्या डोक्यावर आजच लाखभर डॉलरहून जास्त कर्ज असणं नेहमीचं आहे. त्यावर आणखी हजारो डॉलर चढवले, की ते फेडायला माणूस कुठे जाईल? सर्जनच्या हाताखाली, हाडांच्या रुग्णालयात, त्वचारोगाच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे शहरात. सुरुवातीच्या काळात बहुतेक पीए प्राथमिक उपचारांत होते, आता सुमारे चौथा हिस्साच उरला आहे. कारणं अनेक आहेत, पगार हे मोठं. पण ज्या व्यवसायाचा जन्मच खेड्यासाठी झाला त्याची ही दिशा आहे, आणि डॉक्टरेट तिला उलटी फिरवणार नाही.

आज डॉक्टरेट ऐच्छिक आहे. पण अमेरिकेत औषध विक्रेता फार्मासिस्ट व्हायला आता डॉक्टरेट लागते, फिजिओथेरपिस्ट व्हायलाही लागते. जी पदवी आज हौस म्हणून घेतात ती वीस वर्षांनी अट होऊन बसते. पीएंचंच बघा ना. एकेकाळी प्रमाणपत्रावर काम चालत होतं, मग पदवी आली, आता मास्टर्सशिवाय प्रवेश नाही.

हे मला अमेरिकेकडे बघून सुचलेलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्या लहानपणी, एक एलसीपीएस डॉक्टर होते. सायकलवर फिरायचे. माझा टायफॉइड त्यांनीच बरा केला. एलसीपीएस म्हणजे चार वर्षांचा परवानाधारक अभ्यासक्रम. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशात सुमारे 47 हजार नोंदणीकृत डॉक्टर होते, त्यातले जवळजवळ 30 हजार असे परवानाधारक होते. 1946 च्या भोर समितीने ठरवलं, की देशात एकच दर्जाचा डॉक्टर असावा, पदवीधर. समितीतल्याच काही सदस्यांनी हरकत घेतली होती, की परवानाधारक बंद केले तर खेड्यात जाणार कोण? ती हरकत बाजूला पडली. हेतू उदात्त होता, गरिबाला कमी दर्जाचा डॉक्टर का द्यायचा? पण सायकलवरचे ते डॉक्टर गेल्यावर आमच्या गावी त्यांच्या जागी कित्येक वर्षं कोणी एमबीबीएस आला नाही. मीही गेलो नाही. एमबीबीएस झालो, एमडी झालो, शहरात दवाखाना टाकला. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही.

मग कोणी म्हणेल, डॉक्टर मंडळींना आपली मक्तेदारी जाईल याची भीती. ही शंका रास्त आहे. आमच्या जमातीने अशी भीती अनेकदा दाखवली आहे. छत्तीसगडने 2001 मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तेव्हा डॉक्टरांनी विरोध केला आणि काही तुकड्यांनंतर तो बंद पडला. पण त्यातून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक जेव्हा तपासले गेले, तेव्हा प्राथमिक केंद्रावर येणाऱ्या नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे ठरले. तेव्हा माझं भांडण कमी शिकलेल्या माणसाशी नाही. गावासाठी नेमकं शिकलेला माणूस मला हवाच आहे. माझं भांडण पाटीशी आहे.

पाटीने काय होतं, ते सांगतो. 2022 साली लंडनमध्ये तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते म्हणून आपल्या दवाखान्यात गेली. नंतर दम लागू लागला म्हणून पुन्हा गेली. दोन्ही वेळा तिला पीएने पाहिलं. तिला आणि घरच्यांना वाटत राहिलं, की आपल्याला डॉक्टरांनी तपासलं. पहिल्यांदा स्नायू दुखावला असेल म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा चिंता आणि कोविडनंतरचा त्रास म्हणून गोळी दिली. पोटरीतली गुठळी फुफ्फुसात गेली होती. ती गेली. मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, की तिला तातडीने रुग्णालयात पाठवायला हवं होतं आणि तसं झालं असतं तर ती बहुधा वाचली असती. अशी चूक एमडीकडूनही होते, माझ्याकडूनही होऊ शकते. पण समोरची व्यक्ती कोण हे माहीत असतं, तर "एकदा डॉक्टरांना दाखवता का?" हे शब्द तिच्या तोंडून निघाले असते. नावाच्या गोंधळाने तिची ती संधी घालवली.

ब्रिटनमध्ये त्यांना तेव्हा 'फिजिशियन असोसिएट' म्हणत. 2025 च्या जुलैत सरकारने नेमलेल्या लेंग समितीने सांगितलं, की पुन्हा 'असिस्टंट' म्हणा. (ज्याचं निदान झालेलं नाही असा रुग्ण पीएने आधी पाहूच नये, असंही समिती म्हणते. टेनेसीच्या डोंगरात हा नियम लावला तर क्लिनिकला कुलूप लागेल आणि काकूंची गुठळी कोणी पाहिली नसती. तेवढं मला पटत नाही.) गंमत म्हणजे अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेने 2021 मध्ये नेमकं उलट केलं. 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' घेतलं. आता त्यावर 'डॉक्टर'.

डॉक्टरेट केलेल्या माणसाला विद्यापीठात, सभेत, लग्नपत्रिकेवर डॉक्टर म्हणा, माझी ना नाही. मराठीच्या प्राध्यापकांनाही आपण म्हणतोच. पण दवाखान्याच्या दारात त्या शब्दाचा रुग्णाला एकच अर्थ कळतो, आणि तिथे रुग्णाचाच अर्थ चालला पाहिजे.

खेड्यासाठी पैसा आणि बुद्धी खर्चायचीच असेल, तर अमेरिकेला बाहेर बघायची गरज नाही. अलास्कात रस्ते नसलेल्या गावांमध्ये 1960 च्या दशकापासून गावातल्याच माणसांना आरोग्य सहायक म्हणून शिकवतात. तीन-चार आठवड्यांची चार सत्रं, मध्ये गावात काम, हाताशी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आणि फोनवर डॉक्टर. सुमारे 170 गावं यावर चालतात. माणूस गावचाच, म्हणून टिकतो. पीएंसाठी याच वाटेने जा. ग्रामीण रुग्णालयात वर्षभराची पगारी निवासी उमेदवारी द्या, गावात राहिल्यास शिक्षणाचं कर्ज सरकारने फेडण्याची जी योजना आहे ती मोठी करा, आणि पाठीशी असा डॉक्टर द्या जो रात्रीही फोन उचलतो.

आणि इकडे? आपल्या उपकेंद्रात आता सीएचओ असतात, कोणी आयुर्वेदाचे पदवीधर, कोणी नर्सिंगचे, सहा महिन्यांचा कोर्स करून आलेले. गावकरी सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात. 2021 च्या कायद्याने फिजिशियन असोसिएट हा व्यवसाय आपल्याकडेही यादीत आला आहे. उद्या एखादं खासगी विद्यापीठ त्यांना डॉक्टरेट विकायला निघालं, तर जाहिरातीत खेड्याचंच चित्र असेल.

काकू दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं काय करायचं ते प्रवासाच्या तीन आठवडे आधी मला भेटून ठरवायचं आहे. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चालायचं, पाणी पीत राहायचं. त्यांच्या फाइलच्या आतल्या बाजूला मी मराठीत मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून दिल्या आहेत. एक, तपासणाऱ्याला विचारायचं, "तुम्ही डॉक्टर की पीए, आणि तुमच्या वरचे डॉक्टर कोण?" दोन, एकच पोटरी सुजली किंवा दुखली तर गुठळीचा इतिहास आधी सांगायचा. तीन, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्लिनिक नाही, थेट 911.

"आणि त्या बाईच भेटल्या तर?" काकूंनी विचारलं. म्हटलं, माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्याकडूनच तपासून घ्या.