सर्पदंशाच्या बारा पेट्या

मुलांनो, मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात भांडण झालं. सुरू झालं पेन्सिलीवरून आणि पोचलं "तुझी आई वेडी आहे!" इथपर्यंत. जिला हे म्हटलं ती रडली नाही. डब्याचं झाकण लावून गप्प बसून राहिली. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिच्या आईला काय होतंय, ते इथे सांगणार नाही. घंटा झाल्यावर मी गणिताचं पुस्तक मिटलं आणि वर्गाला एका बाईंची गोष्ट सांगितली.

के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. मनाच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या आणि विद्यापीठात तेच शिकवणाऱ्या. आणि गंमत बघा, ज्या आजारावर त्यांनी ग्रंथ लिहिला, तोच त्यांना स्वतःला! बायपोलर म्हणतात त्याला. १९९५ साली 'ॲन अनक्वाएट माइंड' या आत्मकथनात त्यांनी हे उघडपणे सांगून टाकलं.

या आजारात मन कधी पतंगासारखं सुसाट वर जातं. झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. अशाच झपाट्यात जेमिसनबाईंनी सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या चक्क बारा पेट्या विकत आणल्या! वर्ग खो खो हसला. मीही हसू दिलं. बारा पेट्या म्हटल्यावर हसू येणारच की!

पण पतंग खाली येतो तेव्हा थेट चिखलात रुततो. अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, काही गोड लागत नाही. शिवाय बिलांचा ढीग समोर. तो त्यांच्या भावाने येऊन निस्तरला, एका शब्दाने न रागावता.

यावर औषध आहे, लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये त्याचा गुण जगापुढे मांडला. गोळ्या रोज घ्यायच्या, अधूनमधून रक्त तपासायचं. जेमिसनबाई एवढ्या जाणकार, तरी "आता मी बरी आहे" म्हणून गोळ्या सोडून द्यायच्या. आजार उलटायचा. एकदा तर जिवावर बेतलं. (पालकहो, आपल्यापैकी किती जण बरं वाटताच औषध बंद करतात, ते मी विचारत नाही!)

त्यांचीही अडचण खरी होती, बरं का. डोस जास्त असल्यामुळे अक्षरांवर लक्ष ठरेना. दहा वर्षांहून जास्त काळ एकही मोठं, गंभीर पुस्तक त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता आलं नाही. मग या प्राध्यापकबाई काय वाचत? तुमची पुस्तकं! 'पीटर पॅन', 'द विंड इन द विलोज'. ठसा मोठा, पानं कमी. वाचता वाचता त्यांना रडू यायचं.

वर्ग शांत झाला होता. तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली.

"बाई, मग त्यांना मोठी पुस्तकं परत वाचता आली?"

"आली की. डोस कमी केल्यावर आली."

"गोळ्या बंद नाही ना केल्या?"

"नाही गं. घेत राहिल्या."

ती खाली बसली. सुट्टी केव्हाच संपली होती, तरी तिने हळूच डबा उघडला आणि पोळीचा तुकडा मोडला. मी फळ्याकडे वळून उगाचच तारीख लिहीत राहिले.