एकाला मुभा, सर्वांना नाही

ईमेलच्या सर्व्हरने दाखवलेले सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपलेले, भलत्याच नावाचे किंवा अनोळखी संस्थेने दिलेले निघाले, तर ते मान्य करण्याची मुभा वापरकर्त्याला असावी का, हा प्रश्न ब्राउझरपेक्षा ईमेलमध्ये अधिक नाजूक आहे. संकेतस्थळावर पासवर्ड टाकताना माणूस क्षणभर तरी थबकतो. ईमेलचा प्रोग्राम साठवलेला पासवर्ड दर काही मिनिटांनी, कुणी पाहत नसताना, परस्पर देत राहतो. एकदा होकार दिला की वाटेत बसलेल्या चोरालाही पासवर्ड आपसूक मिळतो.

इशारा दाखवला की आपले काम झाले, ही सॉफ्टवेअर कंपन्यांची समजूत सोयीची आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रोमच्या वापरकर्त्यांनी असे सुमारे ७० टक्के इशारे ओलांडलेले आढळले. फायरफॉक्समध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. फायरफॉक्समध्ये पुढे जायला जास्त वेळा क्लिक करावे लागे. तेवढेच कारण नसेल, पण बटण हाताशी असले की ते दाबले जाते.

तरीही सरसकट बंदी चालणार नाही. इशाऱ्यामागे बहुधा चोर नसतोच. कंपनीचे मेल स्वतःच्या नावाने चालते, प्रमाणपत्र मात्र होस्टिंगवाल्याच्या नावाचे असते. सेटिंगमध्ये त्याच्या सर्व्हरचे नाव घातले की प्रश्न मिटतो. छोट्या संस्थेच्या सर्व्हरवर तिने स्वतःच बनवलेले प्रमाणपत्र असते. तिथे वाट पूर्ण बंद केली, तर वैतागलेला माणूस एन्क्रिप्शनच काढून टाकेल.

खरा भेद मुभेच्या प्रकारात आहे. थंडरबर्डमधील अपवाद एका सर्व्हरच्या एका प्रमाणपत्रापुरता असतो. उद्या दुसरे समोर आले की प्रोग्राम पुन्हा अडतो. अँड्रॉइडवरच्या काही ॲपमध्ये मात्र ‘सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा’ असा पर्याय दिसत आला आहे. तो काढूनच टाकला पाहिजे. नेमके प्रमाणपत्र ओळखून ठेवण्यात कमीपणा नाही. २०११ मध्ये प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच संस्थेत घुसून गुगलच्या नावाचे प्रमाणपत्र काढले गेले आणि इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर वापरले गेले. नियमांच्या कसोटीला ते उतरत होते. क्रोमला गुगलसाठी कोणती प्रमाणपत्रे चालतात हे आधीच ठाऊक होते, म्हणून त्याने हरकत घेतली.

तेव्हा इशाऱ्याच्या चौकटीत होकाराचे बटण नसावे. अपवाद खात्याच्या सेटिंगमध्ये, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळखखूण, ताडून पाहिल्यावरच नोंदवता यावा. सर्व्हरवाल्यांनाही आता सबब उरलेली नाही. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रे देते आणि नूतनीकरण आपोआप होऊ शकते. मार्च २०२९ पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांच्या सर्व्हरवर मुदत टळण्याचे प्रसंग तेव्हा वाढतील, म्हणून सॉफ्टवेअरमधला हा बदल त्याआधी व्हायला हवा.