पोराचा वेग सांगताना गिअरही सांगा



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण आणि खोडवा यांबद्दल लिहितो. या खेपेस विषय सायकलचा आहे. गटागटांत फिरताना पहाटे शर्यतीच्या सायकली घेऊन रस्त्यावर उतरलेली सभासदांची पोरे अलीकडे आम्हाला भेटतात. बापाचे वाक्य ठरलेले. "साहेब, आमचं पोरगं साठनं पळतंय!" कोणत्या गिअरवर, असे विचारले की गप्प. म्हणजे टनेज सांगायचे आणि क्षेत्र सांगायचे नाही, त्यातलाच प्रकार.

लहान वयाच्या स्पर्धकांना पुष्कळ ठिकाणी गिअरची मर्यादा असते. पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल जमिनीवर किती पुढे जाते, यावर ती ठरते. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठी ६.९३ मीटर ही मर्यादा वर्षानुवर्षे चालत आली. १७-१८ वर्षांच्या ज्युनिअर मुलांना आंतरराष्ट्रीय संघटनेची ७.९३ मीटरची मर्यादा होती, ती २०२३ पासून उठली. ती उठली म्हणून चौदा वर्षांच्या पोराला मोठे चक्र बसवून देणारे बाप आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते हा अडाणीपणा आहे. वाढत्या गुडघ्यावर जड गिअरचा ताण कशाला? या वयात पाय झरझर फिरवायला शिकावे, ताकद मागून येतेच.

आता हिशेब बघा. एका फेरीचे मीटर, गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, गुणिले ०.०६, म्हणजे ताशी किलोमीटर. ६.९३ वर १२० फेऱ्या मारल्या तर वेग सुमारे ५० भरतो. ७.९३ वर तेवढ्याच फेऱ्यांत तो ५७ होतो. पाय तेच, आकडा सातने वाढला! ६.९३ वर साठ गाठायचे तर मिनिटाला १४४ फेऱ्या लागतात. तेव्हा साठ ऐकले की आम्ही आधी गिअर मोजतो, मग मीटरचा काटा. मीटरमध्ये चाकाचा घेर २.१० ऐवजी २.१५ मीटर भरला, तर ५० चे ५१ च्या वर दिसतात. मोबाईलवर क्षणभर चमकलेला सर्वात मोठा आकडा तर आम्ही धरतच नाही.

मोजायचे ते टेप आणि स्टॉपवॉचने. सपाट, बिनवर्दळीचा रस्ता घ्यावा. गळीत हंगामात ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या रस्त्यावर हा उद्योग मुळीच करू नये. डोक्याला हेल्मेट, दोन्ही टोकांना मोठी माणसे. २०० मीटर आखावे, अलीकडे तीनशे मीटर धाव घेऊ द्यावी आणि वेळ फक्त आखलेल्या २०० मीटरची घ्यावी. मग विश्रांती देऊन उलट दिशेने, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा बराचसा फिटतो. दोन्ही वेगांची सरासरी धरावी. शेंडा आणि बुडखा दोन्हींचा ब्रिक्स घेतल्याशिवाय आपण ऊस पक्व म्हणतो का?

समजा १४ सेकंद लागले. वेग झाला ५१. ६.९३ च्या गिअरवर हे पोर मिनिटाला १२४ फेऱ्या मारते, ७.९३ वर तीच वेळ देणारे १०८. वेळ सारखी म्हणून दोघे सारखे म्हणणे आम्हाला पटत नाही. पहिल्याला वेग वाढवायचा तर फेऱ्याच वाढवाव्या लागतात, म्हणून त्याच्या वहीत फेऱ्यांचा आकडा वेगाइतकाच महत्त्वाचा. आणि हाताने दाबलेल्या घड्याळात ०.२ सेकंदाची चूक सहज होते. तेवढ्याने वेग पाऊण किलोमीटर इकडेतिकडे होतो. अर्ध्या किलोमीटरवरून पोराला रागावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

महिन्यातून एकदा मोजले तरी पुरे. तारीख, गिअर, दोन्ही वेळा आणि वारा लिहून ठेवावा. शर्यतीला जाण्याआधी परिपत्रकातली मर्यादा वाचून, सायकल पायडलच्या एका फेरीपुरती ढकलून घरीच तपासावी. टेप नसेल तर गट ऑफिसातला न्यावा, पण आमची माणसे ऊसनोंदीला निघायच्या आत परत आणून द्यावा.