गिटार बद्द वाजते तेव्हा

इलेक्ट्रिक गिटार बद्द वाजायला लागली की माणसं सगळ्यात महागड्या वस्तूवर पहिला संशय घेतात, असं माझं ठाम मत होत चाललं आहे. पिकअप गेला असेल, अ‍ॅम्प बंडल असेल, गिटारच मुळात स्वस्तातली... आणि ज्या सहा तारा प्रत्यक्षात वाजतायत, त्यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं. कधीकधी येतच नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. त्याची गिटार सगळा पावसाळा कव्हरात पडून होती. दिवाळीनंतर बाहेर काढली तर आवाज असा, की गोधडीखालून कोणी बोलतंय. एका दुकानदाराने न वाजवताच "पिकअप बदलावा लागेल" म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला. त्या आकड्याचं मला फार वाटलं नाही, दुकानदार तो, सांगणारच. पण भाचा म्हणाला, "मामा, राहू दे. माझा हातच तसा आहे बहुतेक." हे मात्र लागलं. पिकअप नसताना बदलला तर पैसे जातात. हात वाईट आहे असं पोराने एकदा मनात घेतलं की गिटारच जाते, माळ्यावर!

तर मंडळी, माझं म्हणणं सोपं आहे. आधी केबल काढा. शांत खोलीत, काही न जोडता, एकेक तार छेडा आणि गिटारच्या लाकडाला कान लावून ऐका. अशीही ती बद्द वाजत असेल तर दोष तारेत किंवा तार जिथे टेकते तिथे आहे. पिकअपवर खापर फोडू नका. आणि अशी खणखणीत, पण जोडल्यावर बद्द वाजत असेल, तर दोष पुढे विजेच्या वाटेवर आहे. ह्या एका मिनिटाच्या परीक्षेने अर्धे संशयित सुटतात, आणि तिला एक रुपया लागत नाही.

भाच्याची गिटार न जोडताच बद्द होती. तारेखालून बोट फिरवलं तर फ्रेटच्या जागी खड्डे लागले. जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम, तेल आणि मळ ह्यांचं थरावर थर. पातळ तारांवर गंज. तार अशी मळली की तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि सगळ्यात आधी वरचे बारीक स्वर मरतात. ज्याला आपण झंकार म्हणतो तो त्यांचाच. अशी तार धड सुरातही लागत नाही. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर जमेनासे होतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच बोट चुकतंय.

काहीशे रुपयांचा नवा संच चढवला. भाच्याचा पिकअप अजून तोच आहे :)

संच घेताना मात्र एक बघा. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर बहुतेक वेळा ब्राँझचं वेटोळं असतं. इलेक्ट्रिकला लागतं निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तिला कळते ती फक्त पोलादाची थरथर. ब्राँझ तिच्या लेखी नसल्यातच जमा. मग जाड तारा दबतात, बारीक दोन किंचाळतात, आणि नव्या कोऱ्या तारा असूनही माणूस डोकं धरून बसतो.

एकच तार बद्द असेल तर तिची टेकायची दोन्ही टोकं, नट आणि सॅडल, बघा. खाच फार रुंद झाली की तार तिथे नीट टेकत नाही. आपल्याकडे तंबोऱ्याच्या बाबतीत हे शहाणपण पूर्वापार आहे. आवाज बंद वाटला तर तंबोरा बदला असं कोणी म्हणत नाही. तारेखालचा दोरा सरकवून बघतात, नाहीतर घोडीची जवारी काढून घेतात. मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या ह्या कामात गेल्या. गिटारचं तंत्र वेगळं, तिथे तार घोडीला घासून चालत नाही, पण विचार तोच. तार टेकते कुठे, ते आधी बघा.

आता विजेची वाट. टोनचं बटण पूर्ण उघडं आहे ना? हसू नका, ते नकळत फिरतं, आणि मिटलं की वरचे स्वर सरळ जमिनीत जातात. मग केबल. तिच्यात दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो; ३ मीटरला चालून जातं, १० मीटरला आवाजाची धार बोथट होते. मग पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये २ ते २.५ मिलिमीटर अंतर असावं. फार जवळ आला तर चुंबकच तारेला ओढतो आणि आवाज लवकर विझतो. एवढं सगळं झाल्यावर पिकअप बदलायचं बोला.

तारा उकळून घ्या, असंही कोणी सांगेल. बेस वाजवणाऱ्यांचा हा जुना उद्योग. मळ निघतो, चार दिवस बरं वाजतं. पण फ्रेटने पाडलेले खड्डे पाण्याने भरून येत नाहीत.

आणि आता माझ्याच विरुद्ध एक मुद्दा. बद्द म्हणजे वाईटच असं नाही. वेस माँटगोमेरी जॅझ वाजवायचा तो गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर, मऊ आणि गोल आवाजात. मोटाउनचा बेसवाला जेम्स जेमर्सन तर तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात, आणि त्या मळक्या तारांवर त्याने १९६०च्या दशकातली कितीतरी गाणी पेलली. पण त्यांना हवा होता म्हणून तो आवाज तसा होता. आपल्या पोरांवर तो नकळत लादला जातो, आणि मग ती स्वतःलाच बोल लावतात. ज्याला खणखणीत तार कशी वाजते हे ठाऊक आहे, त्याने खुशाल मळकी वाजवावी. शिकणाऱ्याला मात्र आधी नव्या तारा द्या. त्यानंतरही बद्द वाजलं, तर हाताकडे बघू.