औषधाच्या दुकानात थांबलेला प्रश्न

बंगळुरूच्या कोरमंगला भागात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि होसूर रस्त्यावरील निम्हान्सही तेथून फार दूर नाही. मनोविकारांच्या उपचारासाठी देशात इतकी सुदैवी वस्ती क्वचितच सापडेल. तरीही छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णाची खरी कसोटी चिठ्ठी हाती पडल्यानंतर सुरू होते. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून काही मिनिटांची. गोळी मात्र रोजची. मधल्या काळात कुटुंबाची नियमित गाठ पडते ती औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टशी. आपल्या व्यवस्थेने या माणसाला केवळ विक्रेता करून ठेवले आहे, ही मोठी चूक आहे.

निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार गंभीर मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचाराबाहेर होते. उपचार मिळालेल्यांतही गोळ्या मध्येच सोडणारे पुष्कळ असतात. वजन वाढते, सुस्ती येते, हात थरथरतात. शिवाय आपल्याला काही झालेलेच नाही असे वाटणे हा अनेकदा आजाराचाच भाग असतो. त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

क्लोझापीनचे उदाहरण पाहावे. इतर औषधे निष्फळ ठरल्यावर दिले जाणारे हे प्रभावी औषध श्वेतपेशी धोकादायकरीत्या घटवू शकते. म्हणून प्रचलित पद्धतीत पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी होते. त्याचा अर्धायुकाल ढोबळमानाने १२ तासांचा. म्हणजे दोन दिवस गोळी चुकली की शरीरात सोळावा हिस्सा उरतो आणि शरीराची सवय मोडते. त्यानंतर एकदम जुना डोस घेतल्यास रक्तदाब कोसळू शकतो, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावे लागते. सिगारेट सोडणाऱ्याच्या रक्तात हेच औषध साचू लागते, कारण धुरातील घटक यकृताला ते वेगाने मोडायला लावत असतात. (निकोटिनचा यात दोष नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते.) ‘मधे किती दिवस खंड पडला?’ आणि ‘सिगारेट सोडली का?’ हे दोन प्रश्न गल्ल्यापाशी विचारता येतात. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही.

डॉक्टर नसलेली माणसे या कामात उपयोगी पडतात, याला भारतीय पुरावा आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेली कॉप्सी चाचणी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित समुदाय-कार्यकर्त्यांची जोड मिळालेल्या रुग्णांत सुधारणा माफक, पण खरी होती; औषधे नियमित घेण्याचे प्रमाणही वाढले. ते कार्यकर्ते फार्मासिस्ट नव्हते, हे खरे. पण औषधशास्त्र शिकलेला माणूस त्यांच्याहून कमी उपयोगी ठरेल असे मानण्यास कारण दिसत नाही.

कायदाही आड येत नाही. २०१५च्या फार्मसी व्यवसाय विनियमांत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच सांगितले आहे. प्रत्यक्षात अनेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि गोळ्या देतो मदतनीस. त्यात आता घरपोच सेवेची भर पडली. ज्या कोरमंगलात २००७ साली फ्लिपकार्टचा आरंभ झाला, तेथे औषधाची पिशवी दारात येणे नवलाचे राहिलेले नाही. आजारी माणसासाठी ही सोय मोठीच. मात्र गोळ्या संपण्याची तारीख अचूक जाणणारे ॲप ती उलटली की सवलतीचा संदेश पाठवते. खंड का पडला, हे कोणी विचारत नाही.

एक भीती रास्त आहे. भर दुकानात मोठ्याने औषधाचे नाव उच्चारले गेले, तर रुग्ण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. फार्मासिस्टने पहारेकरी होता कामा नये. म्हणून आरंभ लहान असावा. क्लोझापीनच्या चिठ्ठीवर, रुग्णाच्या संमतीने, उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक छापावा. दुकानात बाजूला दोन खुर्च्या असाव्यात. आणि ठरल्या दिवशी कोणी औषध न्यायला आले नाही, तर फार्मासिस्टने आधी रुग्णाला व मग त्या विभागाला फोन करावा. या कामाचा मोबदला राज्य सरकारने द्यावा, कारण गोळ्यांच्या नफ्यातून तो निघणारा नाही.